पारवा हवा होता, वांगी झालाय. हॉलच्या भिंतींचा रंग आता सुधारायचा कसा?

कढीलिंब (सोमवार, रात्री १०:४०)

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा लवकर हवी आहे. घटस्थापना नऊ दिवसांवर आलीय आणि माझ्या हॉलकडे बघून कुणीतरी वांगी सोलून सालं चारी भिंतींना चिकटवलीत असं वाटतंय.

हकिकत अशी. सिंहगड रोडला दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. हॉल १६ बाय ११, उंची साडेनऊ फूट, एकच मोठी खिडकी आणि तीही उत्तरेला. दहा वर्षं क्रीम रंग होता, त्याचा वीट आला होता. मला पारवा हवा होता. आईची त्या रंगाची एक महेश्वरी साडी आहे, ती डोळ्यांसमोर ठेवून शेड कार्ड चाळलं आणि गणपतीच्या आठवड्यात एक राखाडी पक्का केला. दुकानातल्या यंत्रावर १० लिटरचा डबा बनवून घेतला, हॉल आणि पॅसेज मिळून. पितृपक्षात कुणी काम काढत नाही म्हणून पेंटर लगेच मिळाला.

पहिला हात मारला तेव्हा ओला रंग छान फिकट दिसत होता. पेंटर म्हणाला, वाळला की अजून फिका होईल. सकाळी उठून बघते तर गडद. म्हटलं दुसरा हात झाल्यावर बसेल. बसला तो असा बसला! सकाळी निळसर, दुपारी जांभळट, आणि रात्री ट्यूब लावली की सरळ वांगं.

रंगवलेला डबा दुकानदार परत घेत नाही. ६ लिटर शिल्लक आहे, त्यात पाणी घातलेलं नाही. पॅसेज अजून तसाच आहे. पेंटर म्हणतो, "ताई, होईल सवय." सासूबाईंच्या मते पितरांना रंग पसंत पडलेला नाही. नवऱ्याला तो राखाडीच दिसतोय, पण त्याच्या जगात एकूण रंगच आठ आहेत.

पुन्हा पांढरा प्रायमर मारून सगळं नव्याने करायचं की यातून काही वाट निघते? फोटो खाली टाकलेत.

भिंतीवरची पाल (सोमवार, रात्री १०:५२)

माझ्या दृष्टीने रंग उत्तम आहे. लपायला सोयीचा.

(दिवे घ्या! म्हणजे हलकंच घ्या.)

निळीसावळी (सोमवार, रात्री ११:०५)

अगं, फोटोत तर मस्त राखाडी दिसतोय. उगाच मनाला लावून घेतेयस का?

ऑफिसातून गुपचूप (मंगळवार, सकाळी ९:४८)

फोटोवर जाऊ नका. फोनचा कॅमेरा आपलं डोकं चालवून पांढरा रंग ठरवतो. फ्रेममध्ये सगळीकडे जांभळट भिंतच असेल तर तो जांभळेपणाच प्रकाशाचा दोष समजून काढून टाकतो, म्हणून राखाडी दिसतंय. भिंतीवर झेरॉक्सचा कोरा कागद चिकटवून तो फोटोत येईल असा काढा, म्हणजे फरक कळेल.

माझ्याकडे पिस्ता रंगाचं सरकारी दवाखान्याचं हिरवं झालं होतं. तीन वर्षं तसंच राहिलो. धाग्यावर नजर ठेवून आहे.

रंगारी पनवेल (मंगळवार, सकाळी १०:१५)

ताई, मी रंगकामाचा ठेकेदार आहे, २२ वर्षं हेच करतोय. प्रायमरच्या आधी एक काम करा. डब्याच्या झाकणावर दुकानातलं स्टिकर असेल. त्यावर शेडचा नंबर, बेस (रंग मिसळायच्या आधीचा मूळ डबा) कोणता आणि यंत्राने कुठला रंग किती टाकला ते छापलेलं असतं. नंबर शेड कार्डाशी जुळतो का बघा. मग डब्यातला रंग पांढऱ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारून पूर्ण वाळू द्या, आणि कार्डाची पट्टी शेजारी धरून सावलीत, दिवसा, गच्चीवर नेऊन बघा. तिथेही पट्टीपेक्षा वेगळा निघाला तर डबा चुकलाय. बेसची चूक किंवा प्रमाणाची चूक होते कधी कधी, आणि तसं असेल तर दुकानदाराशी भांडायला जागा आहे. पट्टीशी जुळला तर डब्याची काही चूक नाही.

आणि तुमच्या पेंटरने सांगितलं ते चुन्याचं आणि डिस्टेंपरचं शास्त्र आहे. इमल्शन, म्हणजे तुमचा हा पाण्यात मिसळणारा रंग, उलटं चालतं. त्यातलं चिकटद्रव्य ओलं असताना दुधासारखं पांढरट असतं, वाळलं की पारदर्शक होतं आणि मग आतला खरा रंग वर येतो. म्हणून इमल्शन वाळल्यावर गडद दिसतो. नवीन पोरंसुद्धा हे चुकीचं सांगतात, कारण उस्तादाने सांगितलेलं असतं.

जुनाट (मंगळवार, सकाळी ११:३०)

रंगारी पनवेल यांना अनुमोदन. आमच्या वाड्यात दर दिवाळीला चुना लागायचा. कळीचा चुना पिंपात भिजवायचा, तो रटरटायला लागला की आम्हां पोरांना लांब हाकलायचे. निवल्यावर फडक्यातून गाळून डिंकाचं पाणी घालायचे, आणि शेवटी निळीची पुरचुंडी त्यात फिरवायची. चुना ओला असताना भिंत काळपट, ओशाळलेली दिसायची. दुपारी वाळली की पांढरीशुभ्र. "वाळल्यावर फिका" हे तिथलं ज्ञान.

नीळ का घालायचे, हे मला फार उशिरा कळलं. चुन्याला अंगची पिवळट झाक असते. निळीने ती मारायची. धोतराला नीळ देतात तीही त्याचसाठी. थोरल्या काकांच्या लग्नाच्या वर्षी कुणीतरी पुरचुंडी पिंपात विसरलं आणि सगळी ओसरी आकाशी झाली. वऱ्हाड आलं तरी तशीच. बायकांनी मग भिंतींवर पांढऱ्या रांगोळीसारखी वेलबुट्टी काढून "मुद्दाम केलंय" असं भासवलं.

कढीलिंब (मंगळवार, दुपारी २:१०)

काका, आमच्याकडेही वऱ्हाडच यायचंय म्हणा, नवरात्रात नणंद सहकुटुंब येतेय.

रंगारीदादा, स्टिकर पाहिलं. नंबर बरोबर आहे. पुठ्ठा रंगवून गच्चीवर नेला आणि धक्काच बसला. गच्चीवर तो अगदी पारवा! कार्डाशी तंतोतंत. तोच पुठ्ठा जिना उतरून हॉलमध्ये आणला तर वांगं. मधल्या दोन मजल्यांत नक्की काय होतं?

प्रकाशवर्ष (मंगळवार, दुपारी ३:२५)

मधल्या दोन मजल्यांत प्रकाश बदलतो. मी दिव्यांच्या धंद्यात आहे त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर खाली सरका.

उत्तरेच्या खिडकीतून या दिवसांत थेट ऊन येत नाही, फक्त आकाशाचा उजेड येतो. तुम्ही रंग निवडलात गणपतीत, म्हणजे ढगाळ हवेत. ढगांतून येणारा उजेड बराचसा पांढरा असतो. आता पाऊस ओसरला, आकाश स्वच्छ निळं झालं, आणि तीच खिडकी निळा उजेड आत सोडायला लागली. ज्या राखाडीत मुळात निळसर झाक असते तो अशा उजेडात निळाच होतो.

दुसरं म्हणजे, शेड कार्डावरची पट्टी दोन बोटांएवढी आणि तुमच्या भिंती चार. एका भिंतीवरून उडालेला प्रकाश समोरच्या भिंतीवर जातो, तिथून परत येतो. प्रत्येक फेरीत त्यावर तोच रंग अजून थोडा चढतो. म्हणून खोलीतला रंग पट्टीपेक्षा नेहमीच गडद आणि भडक वाटतो. गच्चीवर एकटा पुठ्ठा होता, त्याला सोबत करायला दुसरी भिंत नव्हती.

तिसरं, ट्यूब. खोक्यावर ६५०० के (केल्विन, उजेडाचा रंग सांगणारं माप) लिहिलेलं असणार, आपल्याकडे सर्रास तीच विकली जाते. ती निळसर पांढरी. ४००० के आणून बघा.

पण एवढ्याने निळा झाला असता. जांभळ्यासाठी लाल लागतो. तो कुठून येतोय? हॉलमध्ये लाल, मरून, गुलाबी असं मोठं काय आहे?

कढीलिंब (मंगळवार, दुपारी ३:३१)

मरून सोफा. सात माणसं बसतील एवढा. आणि मरून पडदे. 😶

भिंतीवरची पाल (मंगळवार, दुपारी ३:३३)

खुनी सापडला. सोफ्यावरच बसला होता.

प्रकाशवर्ष (मंगळवार, दुपारी ३:५०)

मग आज एवढंच करा. सोफ्यावर पांढऱ्या चादरी टाका, पडदे काढून ठेवा, आणि तासभर दुसऱ्या खोलीत जा. आल्यावर बघा. तास अशासाठी की डोळ्यांना सवय लागते. सतत जांभळ्यात बसलेल्या माणसाला काय जांभळं आणि काय नाही ते कळेनासं होतं.

आणखी एक गंमत सांगतो. पॅरिसला गोबलँचा भिंतपडद्यांचा प्रसिद्ध कारखाना आहे. तिथे १८२४ पासून शेव्रल नावाचे रसायनतज्ज्ञ रंगाई खात्याचे प्रमुख होते. तक्रार अशी यायची की निळ्या-जांभळ्या विणकामातला काळा धागा काळा दिसतच नाही, रंग कच्चा आहे. शेव्रलनी रंग तपासला, तो पक्का निघाला. दोष शेजारच्या रंगांचा होता. दोनशे वर्षं झाली तरी दुकानदाराला शिव्या देण्याआधी सोफ्याकडे बघायचं आपण विसरतो.

मडगांवचो (मंगळवार, संध्याकाळी ६:०२)

आमच्याकडे उलटं झालं होतं. गोव्यात जुन्या घरांना बाहेरून गडद रंग द्यायची रीत आहे, पिवळा, निळा, गेरूचा तांबडा. पांढरा रंग चर्चला, घराला नव्हे, असं आजी सांगायची. आम्ही कार्डावर बघून बाहेरच्या भिंतींना सोज्वळसा पिवळा दिला, आणि उन्हात तो इतका फटफटीत पडला की शेजारी विचारायला आले, रंग अजून मारायचा राहिलाय काय? उरलेला तोच पिवळा आतल्या खोलीला मारला तर हळदीत बुडाल्यासारखं. एकच डबा! तेव्हापासून बाहेरचा रंग कार्डावर दोन पायऱ्या गडद बघतो आणि आतला एक पायरी फिका.

आणि दर पावसानंतर नवा रंग द्यावाच लागतो, त्यामुळे आमच्याकडे चूक फार दिवस टिकत नाही. तुमच्या पुण्यात दहा वर्षं चालवतात.

कढीलिंब (मंगळवार, रात्री ९:४५)

चादरींचा प्रयोग केला. घरात कुणी गेल्यासारखं दिसत होतं, सासूबाईंनी पंधरवड्याची आठवण करून दिली आणि कपाळाला हात लावला. पण प्रकाशवर्ष, तुम्हाला साष्टांग. निम्मं वांगं गेलं! सोफ्याच्या मागची भिंत तर जवळजवळ राखाडी. स्वयंपाकघरातला पिवळा बल्ब काढून हॉलमध्ये लावून पाहिला, त्यात जांभळं पूर्ण गेलं पण भिंती मळकट दिसायला लागल्या, जुन्या लॉजसारख्या. उद्या ४००० आणते.

पण सोफा बदलणार नाही. अजून हप्ते चालू आहेत.

ऑफिसातून गुपचूप (बुधवार, सकाळी १०:०५)

सोफ्याला खोळी शिवून घ्या की. रंगापेक्षा स्वस्त.

निळीसावळी (बुधवार, सकाळी १०:४०)

खोळी शिवायला टाकायच्या नवरात्राच्या तोंडावर? शिंपी हसेल. पडदे मात्र बदल गं, पडदे आयते मिळतात. कोऱ्या मांजरपाटाचेसुद्धा छान दिसतील.

टेक्ससचा तात्या (बुधवार, दुपारी १२:२०)

आमच्या इथे दुकानात चुकलेल्या रंगांचा एक वेगळा कप्पाच असतो. लोक बनवून घेतात, घरी नेतात, पश्चात्ताप होतो आणि परत आणतात, मग ते डबे कवडीमोलाने विकायला ठेवतात. माझं अख्खं गॅरेज तसल्या डब्यांवर झालंय. ते कुणालाही दाखवत नाही.

नमुन्याची छोटी बाटलीही मिळते. ती घेऊन मी भिंतीवर हातभर चौकोन रंगवायचो आणि फसायचो, कारण भोवती जुना रंग असतो आणि नव्याची तुलना त्याच्याशीच होते. त्यापेक्षा मोठा ड्रॉइंगचा कागद पूर्ण घ्यावा, दोन हात मारावेत, कडेने चार बोटं पांढरी सोडावी आणि खोलीच्या कोपऱ्यात उभा करावा. कोपऱ्यात अशासाठी की वर प्रकाशवर्षांनी म्हटलं तसं भिंतीने भिंतीला रंग चढवणं तिथे जास्त असतं. मग तो कागद दिवसभर खोलीभर फिरवायचा.

रंगारी पनवेल (बुधवार, दुपारी १:१५)

ताई, डबा चुकलेला नाही म्हणजे दुकानदार सुटला. आता मुद्द्याचं. तुमच्याकडे ६ लिटर बिनपाण्याचा रंग आहे, तो फेकू नका. पाणी घातलेला असता तर काही दिवसांत वास मारला असता. हा टिकतो.

वरती जुनाट काकांनी निळीचं सांगितलं ना, तेच इथे उलटं करायचं. चुन्याच्या पिवळ्याला निळीने मारतात, तुमच्या जांभळ्याला पिवळ्याने मारायचं. हार्डवेअरच्या दुकानात स्टेनरची, म्हणजे रंगात मिसळायच्या दाट रंगाची, बाटली मिळते, इमल्शनला चालणारी. त्यात भडक लिंबू पिवळा घेऊ नका. मातकट पिवळा घ्या, यलो ऑक्साइड किंवा ऑकर म्हणून मिळतो.

एक सावधगिरी. झाक खरंच जांभळी आहे याची खात्री करा. नुसती निळी असेल आणि पिवळा टाकला तर हिरवट होईल, मग कुणालाच तोंड दाखवायला नको. निळ्याला थोडा पिवळा आणि थोडा गेरवा, दोन्ही लागतात.

डब्यात थेट ओतायचं नाही. औषधाच्या दुकानातून दोन मिलीची सिरिंज आणा, सुई नको. चार पेल्यांत १०० मिली रंग मोजून घ्या. एकात काही नाही, बाकीच्यांत पाव, अर्धा आणि एक मिली पिवळा. चार पुठ्ठे रंगवून, पूर्ण वाळवून, हॉलमध्ये चार भिंतींना लावा. ओला बघून ठरवायचं नाही! जो आवडेल त्याचा हिशोब डब्याला लावायचा, पण पहिल्यांदा त्याच्या पाऊण हिश्श्यापर्यंतच. टाकलेला काढता येत नाही.

मापात पाप (बुधवार, दुपारी २:००)

रंगारीदादांचा मान राखून, मला हे पटत नाही. घरी बनवलेली शेड पुन्हा कधीही मिळत नाही. उद्या पोराने भिंतीवर खडू ओढला की टचअप कशाने करणार? त्यात जुन्याचा वरून दिसणारा ठिगळपणा. सरळ कार्डावरून उबदार झाक असलेला राखाडी निवडा, यंत्रावर ४ लिटर बनवून घ्या, नंबर जपून ठेवा. दोन-अडीच हजार जास्त जातील, पण डोक्याला शांतता.

रंगारी पनवेल (बुधवार, दुपारी २:३०)

बरोबर बोलताय, टचअपचा मुद्दा खरा आहे. म्हणून अर्धा-एक लिटर बाजूला ठेवायचा. आणि नंबरवाला रंगसुद्धा पाच वर्षांनी आणला तर ठिगळ दिसतंच, कारण भिंतीवरचा तोपर्यंत मळलेला असतो. पण ज्यांना मोजमापाचा कंटाळा आहे त्यांनी यंत्राचाच घ्यावा, माझं काही म्हणणं नाही.

प्रायमर मात्र कुणीही सांगितला तरी मारू नका. चांगल्या धरलेल्या इमल्शनवर जवळच्याच शेडचं इमल्शन मारायला प्रायमरही लागत नाही आणि पुट्टीही नाही. २२० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवा, ओल्या फडक्याने धूळ पुसा, वाळू द्या, मारा. लाल किंवा गडद निळा झाकून पांढरा करायचा असता तर प्रायमर लागला असता. जुना ऑइल पेंट असता तर घासाई नीट करावी लागली असती, नाहीतर वरचा रंग सालीसारखा निघून येतो.

भाडेकरू (बुधवार, दुपारी ४:१०)

घुसखोरीबद्दल क्षमस्व. भाड्याच्या घरात मी एक भिंत मोरपंखी केली होती, आता घर सोडताना मालक पूर्वीसारखी करून मागतोय. प्रायमरशिवाय होईल का?

रंगारी पनवेल (बुधवार, दुपारी ४:२२)

नाही. मोरपंखी डीप बेसमध्ये बनतो, त्यात पांढरी पूड जवळजवळ नसते. पांढरा प्रायमर एक हात, नीट वाळू द्या, मग दोन हात. प्रायमर वाचवायला गेलात तर पांढऱ्याचे चार हात जातील.

संतप्त वाचक (बुधवार, रात्री ८:३०)

एवढ्या चर्चेत दोन फ्लॅट रंगवून झाले असते.

कढीलिंब (गुरुवार, रात्री १०:१५)

😀 संतप्त वाचक, या, ब्रश धरा.

४००० केच्या दोन ट्यूब आणल्या. रात्रीचं वांगं बरंच निवळलं, आता फारतर आमसूल. पडदे मांजरपाटाचे नाही, पण साधे ताकासारखे पांढरट मिळाले, ते लावलेत. सकाळचं आता पूर्ण चालण्यासारखं आहे. उरली फक्त दुपार, आणि नेमकी ती माझी हॉलमध्ये बसायची वेळ.

मापात पाप, तुमचं पटतंय, पण ते ६ लिटर घरात बघून जीव तुटतो. आधी पेले करून बघते. नाही जमलं तर यंत्र आहेच.

कढीलिंब (शनिवार, सकाळी ११:५०)

पेले झाले! नवऱ्यातला बारावी सायन्सचा विद्यार्थी जागा झालाय. शर्टाच्या खिशात सिरिंज घेऊन फिरतोय, पेल्यांना अ, ब, क, ड अशा चिठ्ठ्या लावल्यात. मी घाईने ड्रायर घेऊन पुठ्ठे वाळवले.

अ म्हणजे मूळ वांगं. ब, म्हणजे पाव मिलीचा, थोडा बरा पण झाक आहेच. ड, एक मिलीचा, हिरवट शेवाळी. आणि क, अर्ध्या मिलीचा... काय सांगू. दुपारी तीन वाजता, सोफ्यावरच्या चादरी काढून, भिंतीला धरला आणि राखाडी! नुसता राखाडी, कशाचीही झाक नसलेला. शेजारची भिंत त्याच्यापुढे इतकी जांभळी दिसली की नवऱ्यालाही दिसली. त्याच्या रंगांची संख्या आता नऊ.

पेल्यांत ४०० मिली गेला म्हणजे डब्यात ५.६ लिटर. हिशोबाने २८ मिली. बरोबर ना?

रंगारी पनवेल (शनिवार, दुपारी १२:३०)

हिशोब बरोबर. पहिल्यांदा २० टाका. डब्यात नको, मोठ्या बादलीत सगळा रंग ओता, म्हणजे तळाचा जाड थरही येईल. स्टेनर थेट टाकू नका, तो थोड्या रंगात आधी कालवून घ्या आणि मग धारेने सोडा. दहा मिनिटं ढवळा, काठीने, तळापासून. मग जुन्या नायलॉन साडीच्या तुकड्यातून गाळा. स्टेनरची गुठळी राहिली तर रोलरखाली फुटते आणि भिंतीवर पिवळा फराटा उमटतो.

नमुना घ्या, वाळवा, क शेजारी धरा. कमी वाटला तर अजून ५. आणि पाणी सगळ्यात शेवटी, लागेल तेवढ्याच रंगात.

सगळ्या भिंतींना हीच एक बादली. अर्ध्यात संपली आणि नवीन कालवली असं होऊ देऊ नका. संपायचीच वेळ आली तर कोपऱ्यात थांबा, भिंतीच्या मध्ये नाही.

जुनाट (शनिवार, दुपारी १:०५)

आणि पुरचुंडी बादलीत विसरू नका.

मापात पाप (शनिवार, दुपारी १:४०)

क चा फोटो पाहिला, कागदासकट. माघार घेतो. पण पॅसेजला हा रंग देऊ नका. पॅसेजला खिडकी नसणार, तिथे कुठलाही राखाडी सिमेंटसारखा मरगळतो. तिथे मोतिया द्या, हॉललाही थोडा उजेड परत येईल.

कढीलिंब (मंगळवार, रात्री ११:२०)

उद्या घट बसतील, झोपायला हवं, पण आधी इथे लिहिते.

२० मिलीला थोडी झाक राहिली होती. २५ ला थांबलो. २८ पर्यंत जायची नवऱ्याची फार इच्छा होती, सिरिंज हिसकावून घेतली. काल पेंटरने एक हात मारला, आज दुसरा. "ताई, होईल सवय" म्हणणारा तोच पेंटर आज मोबाइलवर भिंतीचा फोटो काढत होता, पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला. दोन दिवसांची मजुरी मात्र पूर्ण घेतली, आणि पॅसेजला मोतिया द्यायचा तर दिवाळीनंतर, आता एकही दिवस मोकळा नाही म्हणाला.

पारवा झाला का? आईच्या साडीसारखा नाही झाला. तिच्यात रेशमाची चमक आहे, ती भिंतीला कुठून येणार? पण जुलैत खडकवासल्याच्या बाजूला ढग भरून येतात ना, तसा झालाय. दुपारी तीनला मुद्दाम बसून पाहिलं. सोफ्यामागच्या कोपऱ्यात खाली अजून जरासं गुलाबी चढतं, मी जाऊन बघितलं तरच दिसतं.

सासूबाई बराच वेळ भिंतीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "आता ठीक आहे. राखेसारखा आहे पण ठीक आहे."

कपाट हलवायचा पेंटरने कंटाळा केला, त्यामुळे कपाटामागे पुरुषभर उंचीचं वांगं तसंच आहे.

निळीसावळी (मंगळवार, रात्री ११:३२)

राहू दे. कपाट हलवशील तेव्हा बाजूला नवा रंग असेल, फरक दाखवायला बरा.

रंगारी पनवेल (बुधवार, सकाळी ८:१०)

छान झालं ताई. उरला किती?

कढीलिंब (बुधवार, दुपारी १२:४५)

दीडेक लिटर.

रंगारी पनवेल (बुधवार, दुपारी १२:५८)

अर्धवट रिकाम्या डब्यात ठेवू नका, वर हवा राहिली की साय धरते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरण्यांत काठोकाठ भरा, झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी लावा, उन्हापासून लांब ठेवा. प्रत्येक बरणीवर तारीख, खोली, मूळ शेडचा नंबर आणि "५.६ लिटरला २५ मिली मातकट पिवळा" असं लिहा. दोन वर्षांनी काहीही आठवत नाही.

कढीलिंब (बुधवार, दुपारी १:२०)

लिहिलं. सासूबाईंनी मार्कर मागून घेतला आणि खाली मोठ्या अक्षरांत "भाजी नाही" असं वाढवलं.